शाबाश, हर्षदा

डॉक्टरांनी सुकदेवला रोज चालायला सांगितलं, तेव्हा तो त्यांच्या तोंडावरच हसला. सुरतेतल्या उधन्याच्या, कापड विणणाऱ्या लूमखात्यात बारा मशिनांवर एकटा कारागीर म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार! संध्याकाळी सातला आत शिरलं की सकाळी सातपर्यंत मशिनांच्या दोन ओळींमधून नुसती ये-जा. इकडे धागा तुटला, जोडा. तिकडे बॉबीन संपली, बदला. सव्वीस वर्षं तो चालतच होता. एवढं सरळ चालला असता तर कुठल्या कुठे पोचला असता. पण खात्यातलं चालणं माणसाला कुठेच पोचवत नाही.

"मग पळा," डॉक्टर म्हणाले. "थोडं थोडं. साखर काठावर आलीये. दोन जिने चढलात तर छातीचा भाता होतो."

पन्नाशीला टेकलेला माणूस पळणार कुठे आणि कशासाठी? मागे कुत्रं लागल्याशिवाय उधन्यात कुणी पळत नाही. सुकदेव गोळ्यांची पुडी खिशात घालून दवाखान्याबाहेर पडला आणि कोपऱ्यावर येईपर्यंत सगळं विसरला.

त्याच आठवड्यात त्याचा फोन मशिनीच्या तेलाच्या डब्यात पडला आणि कायमचा गप्प झाला. घरी फळीवर, देवाच्या फोटोमागे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोन दोन वर्षं पडून होता. त्याची बायको रंजना हिनं तो काढला, पदरानं पुसला, चार्जिंगला लावला आणि त्याच्या हातात दिला. सुकदेवनं आपलं सिमकार्ड त्यात घातलं. फोन कुणाचा ते दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही मूग गिळून बसले.

फोन हर्षदाचा होता. एकुलती एक लेक. पोलीसभरतीची तयारी करायची, पहाटे उठून मैदानावर पळायला जायची. तिथेच तिला लोकेश भेटला. तोही पळायला यायचा. रेल्वेत नोकरी, भेस्तानला स्वतःचं घर, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. सुकदेवला त्या मुलात दोष एकच सापडला, आणि तो त्या मुलानं केलेला नव्हता. लोकेश बौद्ध घरातला होता. पोरीनं कोर्टात लग्न केलं आणि जाताना फोन फळीवर ठेवला. "तुमनं घेयेल शे नाना, तुमलेच ऱ्हाऊ द्या," एवढंच बापाला आपल्या खानदेशी बोलीत म्हणाली.

त्या दिवशी भाऊबंद जमले होते. चार माणसांसमोर माणसाची जीभ नेहमीपेक्षा लांब होते. सुकदेवनं सांगून टाकलं, की ह्या घरात आजपासून तिचं नाव कुणी काढायचं नाही, आणि त्या घरचं पाणी मी जन्मात पिणार नाही. भाऊबंद माना डोलावून, चहा पिऊन गेले. शब्द तेवढा मागे राहिला.

दोन वर्षं तो शब्द पाळला गेला. रंजना दर गुरुवारी भाजी आणायला जायची आणि तीन तासांनी दोन वांगी घेऊन यायची. दोन वांग्यांना तीन तास का लागतात, हे सुकदेवनं कधी विचारलं नाही. त्याला ते ऐकायचं नव्हतं, आणि तिनं जाणं थांबवावं असंही त्याला वाटत नव्हतं.

तर फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी सकाळी सातला सुटी झाली आणि सुकदेव खात्याच्या दारातून बाहेर आला. रात्रपाळीनंतरची ती वेळ मोठी विचित्र असते. डोळे उघडे असतात, पण माणूस अर्धा झोपेतच असतो. कानांत मशिनांचा आवाज साठून राहिलेला असतो, आणि त्या आवाजामागून बाकीचं जग पाण्याखालून आल्यासारखं येतं. चहावाला किसन काहीतरी म्हणतो, त्याचे ओठ हलताना दिसतात. रस्ता पायांखालून आपणहून सरकतो. अशा वेळी खिशातला फोन थरथरला. सुकदेवचे कान लूमनं निम्मे खाल्लेले, म्हणून फोनचा आवाज त्यानं शेवटच्या टोकापर्यंत वाढवून ठेवला होता. त्यामुळे फोन बोलला तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"हर्षदा, आज दौड़ने का दिन है."

सुकदेव जागच्या जागी उभा राहिला. दोन वर्षांत हे नाव त्याच्यासमोर कुणी उच्चारलं नव्हतं. आता भर गल्लीत एक परकी बाई ते घेत होती, तेही रोजच्या ओळखीतलं असावं तसं. त्यानं घाईघाईनं फोन काढला. काचेवर एक पळणारं चित्र होतं आणि खाली हिरवं बटण. धावणं शिकवणारं ते ॲप पोरीनं भरतीसाठी घेतलं होतं आणि पहिल्याच आठवड्यात सोडून दिलं होतं. जिथे तिनं सोडलं तिथून पुढे चालू करू का, असं ते विचारत होतं. बंद करायला म्हणून त्यानं बोट ठेवलं, आणि ते हिरव्यावर पडलं.

"पाँच मिनट तेज़ चलिए."

तो चालला. त्यात काय, तेच तर येत होतं. पाच मिनिटांनी बाई म्हणाली, आता साठ सेकंद दौडा. का कोण जाणे, सुकदेव पळाला. रबरी चपला फटफटत, पँटचा खिसा हातानं धरून. साठ सेकंद म्हणजे किती, हे त्याला त्या दिवशी कळलं. छाती फुटायची वेळ आली तेव्हा आवाज आला.

"शाबाश, हर्षदा! अब चलिए."

त्यानं फोन कानाला लावला, पण बाई गप्प होती. पुन्हा पळाल्याशिवाय ती नाव घेणार नव्हती. म्हणून तो पुन्हा पळाला. खरं सांगायचं तर साखरेचा, डॉक्टरांचा, तब्येतीचा ह्यात काडीचा संबंध नव्हता. सुकदेव पळायला लागला तो लेकीचं नाव ऐकायला. स्वतःच्या तोंडानं घ्यायची सोय त्यानं स्वतःच मोडून ठेवली होती.

आठवड्यातून तीन सकाळी, नऊ आठवडे, असा त्या ॲपचा बेत होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सुकदेवनं रविवारच्या जुन्या बाजारातून कापडी बूट आणले. रंजनानं ते दारात पाहिले.

"हाई काय नवं खूळ शे?"

"डाक्तरनी सांगेल शे."

डॉक्टरनं सांगितलेली गोळीही हा माणूस कधी वेळेवर घेत नाही, हे तिला पंचवीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. तिनं बूट उचलून नीट जोडीनं ठेवले. किसन तर रोजच टपलेला. "काय सुकदेवभो, पोलीसभरतीले चालनात का?" तो ओरडायचा. सुकदेवला ऐकू यायचं, पण न आल्यासारखं करायला लूमवाल्याला फार कष्ट पडत नाहीत.

पळताना जे व्हायचं ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते. पहिली दोन मिनिटं अंग कुरकुरायचं, मग कधीतरी पाय त्याचे राहत नसत. दोन्हीकडच्या खात्यांतून मशिनांचा एकसुरी ठेका यायचा, पाय त्या ठेक्यात पडायचे, आणि रात्रीची अर्धी झोप डोळ्यांवर पुन्हा उतरायची. गल्ली पुसट व्हायची. आणि समोर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, एक आठ वर्षांची पोरगी पळताना दिसायची. निळा शाळेचा फ्रॉक, लाल रिबिनी, हातात तीन खणांचा डबा. हर्षदा लहानपणी, त्याची दिवसपाळी असायची तेव्हा, त्याचा डबा खात्यात आणून द्यायची आणि अशीच पळत यायची. डब्यातलं वरण सांडायचं आणि भाकरी ओली व्हायची. त्याबद्दल तो तिला कितीदा रागावला होता. आता ती पुढे पळत होती, वरण सांडत होतं, आणि तो मागून म्हणत होता, सांडू दे, माय, सांडू दे.

मग बाईचा आवाज यायचा, शाबाश हर्षदा, आणि पोरगी नाहीशी व्हायची.

तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट झाली. पळणं संपलं की फोनवर एक नकाशा उमटायचा, त्यावर आपण कुठून कुठे पळालो त्याची लाल रेघ. सुकदेवनं तो कधी नीट पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला तर रेघ कुठे जातच नव्हती. एकाच जागी इकडून तिकडे, तिकडून इकडे, फाटलेल्या कापडावर रफू करावा तशी जाडजूड झालेली. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बस्स. दोन किलोमीटर पळून माणूस दोनशे पावलांच्या आतच.

तो चक्रावला. आपण वळतो केव्हा? पुढच्या वेळी त्यानं लक्ष ठेवलं, तेव्हा उलगडा झाला. गल्ली जिथे रेल्वेच्या भिंतीपाशी संपते, तिथे शेवटचं खातं मागे पडतं आणि मशिनांचा आवाज विरतो. आवाज विरला की पाय आपोआप माघारी फिरत. सव्वीस वर्षं ते हेच करत आले होते. ओळ संपली, फिरा. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की आता आपण खात्याबाहेर आहोत.

त्या रेघेखाली दुसऱ्या दिवशी पाच शब्द आलेले दिसले. मराठीत. "टोकाला वळू नका. सरळ जा."

सुकदेवनं ते दोनदा वाचलं. मशिनीला मराठी येतं ह्याचं त्याला कौतुक वाटलं. हिंदीत बोलते, मराठीत लिहिते, सुरतेतली मशीन ती, तिला काय अवघड! त्यानं प्रयत्न केला, पण टोकाशी पाय फिरलेच. खाली पुन्हा अक्षरं आली. "पळून झाल्यावर पाणी प्या." हेही पटण्यासारखं होतं. मग पुढल्या सोमवारी आलं: "रात्री डाव्या गुडघ्याला तिळाचं तेल लावा."

सुकदेव खात्याच्या पायरीवर बसला.

डाव्या गुडघ्याचं मशिनीला काय माहीत? बारा वर्षांपूर्वी लूमचा लाकडी दांडा सुटून त्याच गुडघ्यावर बसला होता. महिनाभर तो घरात पडून होता आणि एक दहा-अकरा वर्षांची पोर रोज रात्री त्याच्या गुडघ्याला तिळाचं तेल चोळायची. इवलेसे हात, दोन मिनिटांत थकायचे, पण "अजून पाच मिनिटं" म्हणून हटून बसायची.

त्याचं स्वतःचं नाव तर त्या ॲपमध्ये कधी नव्हतंच. नाव हर्षदाचं होतं, आणि त्याच नावानं तेच ॲप तिच्या नव्या फोनातही होतं. तो इथे पळायचा आणि तोंड धुवायच्या आत त्याची रेघ भेस्तानला पोचायची. हे कसं होतं ते सुकदेवला कळलं नाही. होतं, एवढं कळलं. तीन आठवडे पोरीनं दर खेपेला ती जाडजूड रेघ पाहिली होती. गल्ली कोणती हे तिला सांगावं लागलं नव्हतं, आणि पळणारा टोकाला का वळतो हेही. डबा द्यायला आली की दारात उभी राहून ती बापाला ओळींमधून जाता-येता पाहायची.

किसननं चहा आणून शेजारी ठेवला आणि त्या दिवशी कोणतीही चेष्टा न करता निघून गेला. सुकदेव रडत होता.

बुधवारी तो गल्लीच्या टोकाशी आला. आवाज विरला, पाय फिरायला लागले. "सरळ," तो स्वतःशीच म्हणाला, मोठ्यानं, खात्यातल्या नवशिक्या पोराला दटावावं तसं. आणि पाय भिंतीच्या कडेनं पुढे गेले.

पलीकडे इतकी शांतता होती की त्याला भीती वाटली. कानांतला साठलेला आवाज हळूहळू ओसरला आणि त्याखालून आधी स्वतःचा श्वास ऐकू आला, मग चिमण्या, मग लांबून एक मालगाडी, मग कुणीतरी अंगण झाडत असल्याचा खराटा. एवढं सगळं रोज सकाळी वाजत होतं आणि त्याला पत्ता नव्हता. तो मोठ्या रस्त्याला लागला. तो रस्ता नवसारीकडे जातो, आणि वाटेत भेस्तान लागतं. आपण कुठल्या दिशेला पळतोय हे आपल्याला ठाऊकच नाही, असा चेहरा करून सुकदेव पळत राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवावं, ते स्वतःपासूनच.

निम्म्या वाटेवर खाडीचा पूल आहे. काळं पाणी, वर सकाळचं पिवळं ऊन. त्या पुलावर तो थांबला आणि माघारी फिरला. इथे मात्र फिरले ते पाय नव्हते, फिरला तो स्वतः. चार माणसांत दिलेला शब्द पुलाच्या पलीकडे उभा होता.

त्या दिवशी रेघेखाली लिहिलेलं आलं: "पूल आला."

एवढंच. त्यानंतर काहीच नाही. सुकदेव पाच आठवडे पुलापर्यंत जात राहिला, फिरत राहिला, रोज फोन उघडून पाहत राहिला. रेघ आता लांब आणि सरळ यायची, पण खाली जागा कोरी. काठी टाकून बघावं तर विहिरीला तळ नाही, असं त्याला वाटायचं. चूक पोरीची नव्हती. अर्ध्यापर्यंत तिनं आणलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, आणि पीळ बापाकडूनच आलेला. बोलावल्याशिवाय ती पुढे यायची नाही.

एप्रिल संपत आला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. खानदेशी माणसाची दिवाळी एकवेळ चुकेल, आखाजी चुकणार नाही. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात. पण आपण होऊन नाही. माहेराहून कुणीतरी न्यायला जावं लागतं, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी गेला तरच लेक येते, नाहीतर दारात उभी राहून वाट पाहते. चाळीतल्या झोपाळ्यांना दोर बांधले गेले. शेजारच्या उषाबाईच्या दोन्ही लेकी आल्या, दिवसभर त्यांची हसणी-खिदळणी भिंतीपलीकडून येत राहिली. रंजना पुरणासाठी डाळ निवडत होती. किती माणसांची, ते तिनं सांगितलं नाही. डाळ जास्त होती.

"मुराळी म्हंजे भाऊ जास," सुकदेव एकदम म्हणाला. "आपला घरमा भाऊ नही."

"भाऊ नही तं बाप जास," रंजना डाळीतच बघत म्हणाली.

आखाजीच्या दिवशी त्यानं पाळी घेतली नव्हती. पहाटे उठून तो बुटाच्या नाड्या बांधत होता. चुलीवर पुरणाच्या मांड्यांसाठी खापर तापत होतं. रंजना त्याच्याकडे पाठ करून उभी होती.

"पाण्यानी टाकीना मांगे. निळं दार शे."

"मी इचारं का तुले?"

"मी बी तुमले सांगेल नही. भिंतले सांगी ऱ्हायनी."

गल्लीत फोन म्हणाला, "हर्षदा, आज आख़िरी दौड़ है. पाँच किलोमीटर, बिना रुके." सुकदेव पळायला लागला.

रात्रभर झोप झाली होती, तरी ती पुसट गुंगी आलीच. गल्ली मागे गेली, मशिनांचा आवाज ओसरला, भिंत सरली. मोठ्या रस्त्यावर सणाच्या सकाळचं ऊन कोवळं पडलं होतं, आंब्यांच्या हातगाड्या लागत होत्या. समोर लाल रिबिनी उडत होत्या. पोरगी आज जरा जास्तच जोरात पळत होती. पूल आला. पुलाच्या मधोमध तो मंदावला. चार माणसांनी माना डोलावल्या होत्या. कोण होती ती चार माणसं? त्यातल्या एकानंही दोन वर्षांत त्याला विचारलं नव्हतं की बाबा रे, तुला झोप लागते का?

डबेवाली पोरगी पूल ओलांडून गेली. वळून पाहिलंच नाही तिनं. सुकदेव तिच्या मागे गेला.

भेस्तानची वस्ती सुरू झाली. पाण्याची टाकी दिसली. तो टाकीच्या मागे वळला, आणि लाल रिबिनी एका निळ्या दाराशी जाऊन नाहीशा झाल्या. दार लोटलेलं होतं. दारात पायरीवर मोगऱ्याचं एक डबडं. सुकदेव वीस पावलांवर थांबला, गुडघ्यांवर हात टेकून. हाक मारायची होती. नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. दोन वर्षं न वापरलेलं कुलूप असं उघडत नाही. वाटलं, परत जावं. रेघ तर इथवर आलीच आहे, ती बघेल तेव्हा बघेल.

आणि खिशातला फोन, लूमवाल्याच्या कानांसाठी शेवटच्या टोकापर्यंत वाढवलेला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला.

"शाबाश, हर्षदा! आपने पाँच किलोमीटर पूरे किए!"

निळं दार उघडलं. पिठाचे हात तसेच घेऊन हर्षदा बाहेर आली. अंगानं थोडी भरली होती, कपाळावर केस आले होते. ती पायरीवरच थांबली. तिच्या मागे लोकेश उभा राहिला, आणि त्याच्या मागे त्याची आई, अंजनाबाई.

"हर्षदा," सुकदेव म्हणाला. दम लागलेला होता, आवाज धड निघाला नाही. म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं. "हर्षदा, आखाजी शे. तुले लेवाले उनू."

बाप मुराळी होऊन न्यायला आला होता. हर्षदा रडत होती आणि पिठाच्या हातांनी डोळे पुसत होती, त्यामुळे तिचा चेहरा पांढरा होत चालला होता. अंजनाबाई आत गेल्या आणि पितळी तांब्या भरून घेऊन आल्या. पण दाराशी त्या अडखळल्या. ह्या माणसाचा शब्द त्यांच्याही कानांवर आला होता. तांब्या त्यांच्या दोन्ही हातांत तसाच राहिला. द्यावा की देऊ नये?

"भाऊ, पाणी..." त्या अर्ध्यावर थांबल्या.

सुकदेवनं कापडी बूट काढले. पायरी चढला, उंबरा ओलांडला, आणि दोन्ही हात पुढे केले. "द्या, ताई. लय तहान लागनी." त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत खाली घेतला नाही. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत राहिलं. मग तोंड पुसून लोकेशकडे पाहत म्हणाला, "तुम्ही बी चाला, जावाईबापू. आनि ताई, तुम्ही बी. घर डाळ लय भिजाडेल शे."

लोकेश पटकन आत गेला, बहुधा डोळे पुसायला. हर्षदानं बापाच्या खिशातून तो फोन काढला. काचेवर उधन्यापासून भेस्तानपर्यंत एक सरळ लाल रेघ होती. ती तिनं बराच वेळ पाहिली.

"नाना, आते त्यामा मी तुमनं नाव टाकी देस," ती म्हणाली. "पयनात तुम्ही, आनि शाबाशी माले?"

"ऱ्हाऊ दे," सुकदेवनं फोन परत घेतला आणि खिशात ठेवला. "तेवढं आयकासाठेच तं पयी ऱ्हायनू."